शिंदळ माकुडी : कड्यावर जगणारे एक फूल

आपल्या दारची रुई सर्वांच्या ओळखीची आहे. भालकीच्या रस्त्याकडेला ती उगवते, शेताच्या बांधावर उगवते, पडक्या भिंतीच्या आडोशालाही उगवते. आणि हीच रुई श्रीलंकेत, ब्रह्मदेशात व त्याही पलीकडे जावा बेटापर्यंत तितक्याच निर्धास्तपणे नांदते. काही वनस्पतींना परमेश्वराने असे विस्तीर्ण अंगण दिले आहे. परंतु त्याच रुईच्या कुळात जन्मलेली एक दूरची बहीण अशी आहे की, तिचे सारे जग म्हणजे सह्याद्रीतील मोजके कडे. त्या कड्यांवाचून पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही ती आपण होऊन उगवत नाही. तिचे नाव शिंदळ माकुडी.

नावातील पहिला शब्द आमच्या काही वाचकांना, विशेषतः वाचक भगिनींना, रुचणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु रानातली नावे रानातल्या माणसांनी ठेवलेली असतात. ती धुऊन-पुसून घेण्याचा अधिकार आम्हांस नाही. शास्त्रज्ञांनी दिलेले नाव याहून प्रतिष्ठित आहे, पण त्याची कथाही काही कमी गमतीची नाही. निकोल अलेक्झांडर डॅल्झेल या नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ गेल्याच्या गेल्या शतकात मुंबई इलाख्याच्या वनखात्यात अधिकारी होते. जुन्नरच्या बाजूला डोंगरात हिंडताना ही अपरिचित वनस्पती त्यांच्या हाती लागली. १८६० नंतरच्या दशकात त्यांनी तिचे वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि नाव ठेवले ‘फ्रेरिया इंडिका’. सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या सन्मानार्थ हे बारसे झाले. मुंबईच्या गोदीलगतच्या एका मोठ्या रस्त्यालाही याच साहेबांचे नाव होते. पुढे तो रस्ता गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. रस्ता गेला, पण कड्यावरच्या झुडपाला चिकटलेले नाव मात्र अद्याप टिकून आहे. अलीकडे काही शास्त्रज्ञ तिला स्वतंत्र प्रजाती न मानता शेजारच्या प्रजातीत बसवितात, तेव्हा तेही जाईल की काय कोण जाणे! शिंदळ माकुडी हे नाव तेवढे कोणाला बदलता येणार नाही.

आता ती दिसते कशी ते सांगितले पाहिजे. बोटाएवढ्या जाडीच्या, मांसल, करड्या-हिरव्या कांड्या खडकाच्या फटीतून बाहेर पडून कड्यावर पसरतात किंवा खाली लोंबतात. वर्षातील पुष्कळ महिने त्या उघड्या असतात. त्या वेळी पाहणारास वाटावे, कोणी निवडुंगाचे वाळके तुकडे येथे फेकून दिले आहेत. पहिल्या पावसानंतर मात्र त्यांना जाड, गुळगुळीत, लांबट पाने फुटतात. पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फुले येतात. फूल रुपयाच्या नाण्याएवढे, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखे. रंग गडद किरमिजी, त्यावर पिवळे ठिपके, आणि पाकळ्यांच्या कडांना बारीक लव. गुलाबाचा किंवा मोगऱ्याचा सुवास मात्र तिच्यापाशी नाही. तिचे पाहुणे म्हणजे माश्या, आणि माश्यांची आवड आपल्या आवडीहून निराळी असते, हे सांगावयास नको.

या कांड्या आणि ही पाने यांच्यामध्ये एक विलक्षण वाटणी आहे. सर्वसाधारण वनस्पती दिवसा आपल्या पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा आत घेतात व सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. परंतु छिद्रे उघडी राहिली की अंगातील पाणीही वाफ होऊन निघून जाते. ज्या प्रदेशात पाण्याचा दुष्काळ, तेथे हा व्यवहार परवडणारा नव्हे. म्हणून निवडुंगासारख्या वनस्पती रात्रीच्या गारव्यात छिद्रे उघडतात, हवा आत साठवून ठेवतात आणि दिवसा दारे लावून घेऊन आतल्या आत काम करतात. १९७७ साली जर्मनीतील दोन संशोधकांनी शिंदळ माकुडीचा अभ्यास करून दाखवून दिले की, ही एकच वनस्पती दोन्ही प्रकारचे जीवन जगते. तिची पाने आंब्या-चिंचेच्या पानांप्रमाणे दिवसा काम करतात, आणि तिच्या कांड्या निवडुंगाप्रमाणे रात्री. पावसाळ्यात पाणी मुबलक असते तोवर पानांनी हात सैल सोडून मिळवावे. पाऊस गेला की पाने झाडून टाकावीत आणि कांड्यांनी मुठी आवळून उन्हाळा काढावा, असा हा प्रपंच आहे. आमच्या भागातील कोरडवाहू शेतकऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तिची घरे कोणती? जुन्नरजवळचा शिवनेरी आणि त्या परिसरातील डोंगर हे तिचे सर्वांत जुने ठाऊक असलेले ठिकाण. तेथून उत्तरेस अकोले तालुक्यातील रंधा धबधब्याजवळ. दक्षिणेस पुरंदरचा जोडकिल्ला वज्रगड. पुढे महाबळेश्वर, आणि साताऱ्याजवळचा सज्जनगड. आणखीही काही ठिकाणी ती आढळली आहे. परंतु रंध्यापासून सज्जनगडापर्यंतचे दक्षिणोत्तर अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि या पट्ट्यातही ती सर्वत्र नाही. एका कड्याच्या एका अंगाला काही झुडपे, मग कित्येक कोस काहीच नाही, मग दुसऱ्या गडावर आणखी काही, असा तिचा विखुरलेला संसार आहे. दख्खनचा हा काळा पाषाण कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. त्या थरांच्या मधल्या अरुंद पायऱ्यांवर वाऱ्याने आणलेली मूठभर माती साचते. तेवढ्या मातीत ती मूळ धरते.

ती कड्यावरच का, याचे एक उत्तर साधे आहे. जेथे शेळी पोचली तेथे ती उरली नाही. मांसल, रसदार पाने उन्हाळ्याच्या तोंडी कोणत्या जनावराला नको असतील? वणवाही सपाटीवरच्या गवतातून धावतो, उभ्या कातळावर त्याला चढता येत नाही. ज्या कड्यांनी शत्रूपासून गड राखले, त्याच कड्यांनी हे फूलही राखले. परंतु दरड कोसळते तेव्हा झुडपांसकट कोसळते. घाटाचा रस्ता रुंद करावयाचा असेल तर कडाच कापला जातो. आणि फुलांचे शौकीन लोक जेथे शेळी जात नाही तेथे दोर लावून जातात.

फळ धरण्याचे कामही तिच्यासाठी सोपे नाही. रुईच्या कुळातील फुलांत पराग सुटे नसतात. ते मेणासारख्या इवल्या पुड्यांत बांधलेले असतात. माशी फुलावर बसली की तिच्या पायाला किंवा सोंडेला ही पुडी अडकते, आणि ती माशी दुसऱ्या फुलावर जाऊन बसली व पुडी तेथील फटीत नेमकी शिरली, तरच बीज धरते. दोन झुडपांमध्ये एका डोंगराचे अंतर पडले तर हा व्यवहार व्हावा कसा? फळ आलेच तर ते जोडशेंगेचे असते, आणि उकलल्यावर रुईच्या म्हाताऱ्यांप्रमाणे रेशमी केसांचे बी वाऱ्यावर उडते. वारा त्याला कोठे टाकील याचा नेम नसतो. दरीत, शेतात, ओढ्यात पडलेले बहुतेक बी फुकट जाते.

असे असूनही एक गोष्ट ऐकून वाचक चकित होतील. हे दुर्मिळ फूल कुंडीत लावणे मुळीच अवघड नाही. कांडीचा तुकडा तोडून मातीत खोचला की तो मुळे धरतो. परदेशांतील मांसल झाडांच्या शौकिनांच्या काचघरांत ती वर्षानुवर्षे वाढते आहे व फुलते आहे. पुण्यातील व आसपासच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची रोपे तयार करून ती पुन्हा डोंगरावर नेऊन लावण्याचे प्रयत्नही केले आहेत. मग हळहळ कसली, असे कोणी विचारील. कुंडीत सुखरूप असलेल्या झाडाबद्दल एवढे लिहिण्याचे कारण काय?

हा प्रश्न आम्हांस खोटा वाटत नाही. परंतु त्याचे उत्तर कलमाच्या स्वरूपातच आहे. एका झुडपाच्या कांडीपासून हजार कुंड्या भरल्या, तरी ती हजार रोपे मुळात एकच झुडूप असते. शिवनेरीच्या झुडपाचा एक गुण, वज्रगडाच्या झुडपाचा दुसरा, असे वेगवेगळे गुण बियांतून एकमेकांत मिसळतात, तेव्हाच जातीला रोगाशी, दुष्काळाशी, बदलत्या हवेशी झुंज देण्याचे बळ येते. ते बळ कुंडीत नाही. शिवाय वनस्पती एकटी राहत नसते. तिच्या पानांवर पिवळट-तांबूस रंगाचे, काळ्या काठाचे ते सर्वपरिचित फुलपाखरू अंडी घालते, ज्याचे सुरवंट आपल्याकडे रुईवर दिसतात. तिच्या फुलावर माशी येते, तिच्या मुळाशी माती धरून राहते. कुंडीत नेलेली माकुडी जिवंत असते खरी, पण या सोयरसंबंधांतून ती उठून गेलेली असते. घर सोडून परगावी सुखाने राहणाऱ्या माणसाविषयी आपण ‘तो आहे’ असे म्हणतो. परंतु त्याचे घर ओसाड पडले हेही खरेच असते. आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांचे तरुण हैदराबाद-पुण्याकडे गेले आहेत, त्यांच्या वडीलधाऱ्यांना यापेक्षा अधिक सांगण्याचे प्रयोजन नाही.

माकुडीची आणखी एक जवळची नातलग येथे आठवते, ती माकडशिंगी. तिला पाने जवळजवळ नसतातच, नुसत्या चौकोनी कांड्या. ही मात्र दख्खनच्या कोरड्या टेकड्यांवर दूरवर पसरलेली आहे. गुराखी, शिकारी व रानात राहणारे लोक तिच्या कांड्या कच्च्या खातात, कोणी भाजी करतात, कोणी लोणचे घालतात. दीर्घ वाटचालीत ती चघळली की भूक मरते, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. या अनुभवाचा सुगावा बाजाराला लागला आणि तिचा अर्क स्थूल माणसांची भूक कमी करण्याचे औषध म्हणून परदेशांत बाटल्यांतून विकला जाऊ लागला. अन्न नाही म्हणून गरिबाने जी वनस्पती चघळली, तीच अन्न अति झाले म्हणून श्रीमंताने गिळावी, हा काळाचा विनोद आहे! पण वनस्पतीच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखे काही नाही. जी दूरवर पसरलेली आहे ती असा उपसा काही काळ सोशील; जिचे घर मोजक्या कड्यांपुरते आहे, तिच्यावर असा प्रसंग आला तर एका हंगामात सारे आटोपेल.

या वनस्पतींचा अभ्यास ज्यांनी केला त्यांत ख्रिस्तसभेच्या धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या लोकांस फारसा ठाऊक नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी पश्चिम भारतातील वनस्पतींचा जो वाळविलेला संग्रह उभारला, तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांच्यानंतर त्याच महाविद्यालयात आले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. त्यांचा जन्म १९०३ चा, स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतातला. १९२८ साली ते भारतात आले आणि १९७० साली मुंबईतच त्यांनी देह ठेवला. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांचा ग्रंथ १९५३ साली, पुरंदरच्या वनस्पतींवरचा १९५८ साली प्रसिद्ध झाला. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५४ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना केली, तेव्हा प्रमुख वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून याच धर्मगुरूला पाचारण केले. १९६१ पासून १९६७ पर्यंत ते त्या संस्थेचे संचालक होते, आणि १९६७ साली राष्ट्राने त्यांना पद्मश्री दिली. माकुडीच्या नात्यातली, कंदिलासारखी फुले येणारी एक वेल त्यांचे नाव धारण करते.

पाठीवर वनस्पती दाबून ठेवण्याची चौकट, हाती काठी, आणि वाटेत एखाद्या खेड्यात पहाटेची पवित्र मिस्सा, अशा धर्मगुरूचे चित्र डोळ्यांसमोर आणले की काही भाविकांना प्रश्न पडतो: आत्म्यांचा उद्धार करावयास आलेल्या माणसाने गवत मोजीत का बसावे? आमच्या सेमिनरीच्या दिवसांतही हा प्रश्न थट्टेने विचारला जाई. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने रानातल्या फुलांकडे बोट दाखविले आणि शलमोन राजाच्या वैभवाला त्यांच्यापुढे फिके ठरविले, हे आपण दरवर्षी ऐकतो. ते फूल नेमके कोणते, यावर पंडितांत वाद आहे. पण फुलांचे निरीक्षण करा ही प्रभूची आज्ञाच होती, ती केवळ उपमा नव्हती, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याने कधी फूल निरखून पाहिले नाही, त्याला त्या वचनातले निम्मे कळले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीविषयी जे परिपत्रक लिहिले, त्यात नष्ट होणाऱ्या जातींचा विचार करताना ते म्हणाले की, त्या आपल्या अस्तित्वाने परमेश्वराचे जे स्तवन करीत असतात ते आपल्यामुळे थांबते, आणि ते थांबविण्याचा आपल्याला हक्क नाही. माकुडीला हे लागू करून पाहावे. तिच्यापासून औषध होत नाही, लाकूड मिळत नाही, वेणीत ती माळता येत नाही. मनुष्याच्या हिशेबाच्या वहीत तिच्यासाठी एकही रकाना नाही. मग वही दुसऱ्या कोणाची तरी असली पाहिजे.

कोणी म्हणेल, जुन्नर येथून सरळ रेषेत साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर. भालकीच्या माणसाने त्या कड्याची चिंता का वाहावी? आम्ही ती वाहतो ती आपल्याच माळांकडे पाहून. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. बीदरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्याला हा तांबडा, सच्छिद्र दगड पावलोपावली दिसतो. भालकीकडे येताच काळी माती लागते, तूर आणि ऊस लागतो, आणि जमीन सुपीक झाली असे आपण म्हणतो. मागे राहिलेल्या माळाला आपण पडीक म्हणतो. साताऱ्याजवळचे कासचे पठारही जांभ्याचेच, आणि तेही एके काळी पडीकच म्हटले जात होते. तेथील उथळ पाण्यात उगवणारी वायतुरा ही वनस्पती शास्त्राला १९८२ मध्ये माहीत झाली. २०१२ साली ते पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि आता फुलांच्या दिवसांत तेथे येणाऱ्या माणसांना मोजून आत सोडावे लागते. आपल्या पठारावर कासइतका पाऊस नाही, तशी फुले येथे शोधू नयेत. पण आपल्या माळाची स्वतःची फुले आहेत: पिवळा तरवड आहे, कळलावी आहे, पावसानंतर चार दिवस गवतात दिसून नाहीशी होणारी कितीतरी इवली फुले आहेत, ज्यांची नावे आजीला ठाऊक होती आणि नातवाला नाहीत. मुरमासाठी माळ खणला जातो, वीटभट्टीसाठी माती उचलली जाते, तेव्हा तेथे काय होते हे कोणी लिहून ठेवलेले नसते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे. त्या वहीत कन्नड नाव लिहावे, मराठी लिहावे, उर्दू लिहावे. पण लिहावे, आणि ज्यांना ठाऊक आहे ते म्हातारेकोतारे हयात असतानाच लिहावे.

आता आमच्या अंगणातली एक गोष्ट. नोव्हेंबरच्या २ तारखेला मृतविश्वासीयांचा दिन येतो. त्यापूर्वीच्या पंधरवड्यात आपण दफनभूमीत खुरपी-विळे घेऊन उतरतो आणि कुंपणापासून कुंपणापर्यंत सारे गवत मुळासकट उपटून पेटवून देतो. हेतू पवित्र आहे, प्रियजनांच्या थडग्यांवर मेणबत्ती लावावयाची असते. परंतु पावसाळी रानफुलांच्या बिया पिकून मातीत पडण्याचा काळ नेमका तोच असतो. कोणतीही जमीन नांगराखाली आली, दफनभूमी आली नाही. तेथे शेळ्यांनाही मज्जाव आहे. एका परीने ती आपल्या गावचा कडाच आहे. म्हणून यंदा धर्मग्रामाच्या सभेत असे ठरले आहे की, थडगी आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा तेवढ्या ऑक्टोबरच्या अखेरीस स्वच्छ कराव्यात, आणि कुंपणालगतचे गवत नाताळच्या आधीच्या आठवड्यापर्यंत तसेच उभे ठेवावे, पेटवू नये. शाळेतील मुलांनी ऑगस्टपासून दर शनिवारी तेथे जाऊन उमललेल्या फुलांची नावे आपल्या आजी-आजोबांना विचारून वहीत उतरावीत, फुले मात्र तोडू नयेत. ज्यांना विळा घेऊन सेवा करावयाची आहे त्यांनी ऑक्टोबरच्या चौथ्या रविवारी मिस्सानंतर आम्हांस भेटावे. कोणते गवत कापावयाचे व कोणते ठेवावयाचे, ते दोरी बांधून दाखविले जाईल.